गोणपाट नको, टोचतं

इथले अनुभव मी दोन वर्षं नुसती वाचतेय, लिहायचं धाडस आज करतेय. आमच्या घरात दृष्ट काढणं, अंगारे, अमावास्येला दाराला लिंबू... सगळं चालायचं, आणि मी सगळ्याची टिंगल करायची. सिव्हिलचा डिप्लोमा केला होता ना! ओळंबा सोडला की भिंत सरळ की वाकडी ते कळतं. जे असं मोजता येत नाही ते नाहीच — इतकं सोपं होतं माझं. आजही मी फारशी बदललेली नाही. पण त्या एका सकाळचं काय करायचं, हे अजून कळलेलं नाही.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही बेंगळुरूच्या राजाजीनगरचे. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, त्यामुळे आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात. मी तेव्हा चोवीस वर्षांची, महादेवपुराला एका बंगल्याच्या बांधकामावर सुपरवायझर होते. आज तिथे काचेच्या इमारती आहेत. तेव्हा रागीची शेतं, नारळाच्या बागा, आणि दोन बस बदलून जायचं.

साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी आणि दानियल मेस्त्री. मेस्त्री खानापूरकडचे, साठीला टेकलेले, मराठी ख्रिस्ती. घर येलहंकाला. आपल्याकडे म्हणी असतात ना, तसं बायबल त्यांच्या तोंडात बसलेलं. माल कालवताना वाळू जास्त पडली की ओरडायचे, ‘वाळूवर घर बांधणाऱ्याचं काय झालं, ठाऊक हाय न्हवं?’ हे इतक्यांदा व्हायचं की रंगप्पा, आमचा सळया बांधणारा — मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्याला — तोसुद्धा ‘वाळूवर घर, वाळूवर घर’ म्हणत माल परत कालवायला लावायचा. मी हसायचे. मेस्त्री म्हणायचे, ‘हसा अक्का. भिंत तर सरळ येती का न्हाई?’

सरळच यायची, हे खरं.

प्लॉटच्या कोपऱ्यात एक जुनी विहीर होती. पस्तीस फूट खोल, पाणी आटलेलं, तळाला नुसता चिखल. ती बुजवायची होती. किती माती लागेल ते बघायला त्या सकाळी मेस्त्री काठावर गेले, टेप खाली सोडला... आणि काठाचा दगड त्यांच्यासकट आत गेला.

धप्प असा आवाज आला. मग काहीच नाही. मग खालून बारीक आवाज, ‘अक्का... जिवंत हाय मी.’

चिखलामुळे वाचले होते, पण तोच चिखल आता गिळत होता. आम्ही वाकून पाहिलं तेव्हा कमरेपर्यंत रुतले होते. उजवा हात लुळा पडलेला. आत उतरायची सोय नव्हती, कडेचे दगड हात लावला की सुटत होते. अग्निशामक दलाला फोन करायला एकाला सायकलवरून पिटाळलं, पण जवळचा फोन दोन मैलांवर. ते येईपर्यंत काय होईल ते सगळ्यांना दिसत होतं.

आम्ही काथ्याचा जाड दोर फास करून सोडला. मेस्त्रींनी एका हाताने तो डोक्यावरून काखेत घेतला. सहा माणसं ओढायला लागली. चिखल सोडेना, दोर कातडीत रुतला, आणि मेस्त्री किंचाळले. वेदनेने डावा हात वर गेला, फास निसटला, आणि ते परत खाली. या वेळी छातीपर्यंत.

रंगप्पा रडायला लागला. खालून मेस्त्री म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या अक्का. आता न्हाई सोसायचं.’

मी काठावर गुडघ्यांवर बसले होते. माझ्या मागे कोणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. सगळे समोर, दोरापाशी. आणि माझ्या डाव्या कानामागे एक बाई मराठीत बोलली.

‘काखेत आधी चिंध्या घाला. मग दोर.’

म्हातारीचा आवाज. घाईचा नाही, देवाचा-बिवाचाही नाही. स्वयंपाकघरात मोठी माणसं आपलं चुकताना बघून वैतागतात ना, तसा. चिंध्यातला ‘च’ किंचित शीळ घातल्यासारखा, पुढचा दात नसला की होतो तसा. मी वळून पाहिलं. ढिगारा होता वाळूचा, बस्स.

विचार करायला वेळ नव्हता. बाजूला सिमेंटच्या रिकाम्या गोणी पडल्या होत्या, मी त्या उचलल्या... आणि परत तोच आवाज, जरा चढलेला, ‘गोणपाट नको, टोचतं. लुगडी बघ.’

मी गोणी टाकल्या आणि धावले. मजुरांच्या शेडवर रंगप्पाच्या बायकोची जुनी सुती साडी वाळत होती, ती ओढली. एक फाटकी लुंगी. माझी ओढणी. सगळ्याचं बोचकं बांधून दोरीने खाली सोडलं आणि ओरडले, ‘मेस्त्री! हे काखेत घाला, जाड घडी करून! त्याच्यावरून दोर घ्या!’

आणि मग — माझा विश्वास बसेना — मेस्त्री हसायला लागले. छातीपर्यंत चिखलात, हात मोडलेला, आणि माणूस खदखदून हसतोय.

‘अक्का, तुमास्नी कुणी सांगितलं हे?’

‘बोलू नका, बांधा!’

त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी कसंबसं बांधलं. रंगप्पाने डोळे पुसले आणि आवाज दिला, ‘एळीरी! स्वल्प स्वल्प... एळीरी!’ ओढा, थोडं थोडं ओढा. मीही दोर धरला. दोर ताणला, आणि या वेळी किंकाळी आली नाही. चिखलाने मोठ्ठा आवाज करत त्यांना सोडलं. एक हात, दोन हात... दहा फूट, वीस फूट... पांढऱ्या केसांचं डोकं वर दिसलं तेव्हा साइटवरचे सगळे असे ओरडले की रस्त्यावरची बस थांबली! रंगप्पाने त्यांना मिठीच मारली. मेस्त्री कण्हत म्हणाले, ‘हात मोडलाय रे, येड्या.’

अग्निशामकवाले पोचले तेव्हा मेस्त्री झाडाखाली बसून पाणी पीत होते.

दवाखान्यात नेताना त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. बायबलमध्ये देवाचा निरोप सांगणारा एक संदेष्टा आहे, त्याला चिखलाच्या हौदात टाकतात. राजवाड्यातला एक परदेशी नोकर त्याला वर काढतो, आणि काढण्याआधी काखेत घालायला जुने फाटके कपडे खाली सोडतो.

‘ही गोष्ट तुम्ही मला कधीतरी सांगितली असेल,’ मी म्हटलं. मला तेच हवं होतं.

‘न्हाई, अक्का. ही कधीच न्हाई.’ मोडका हात मांडीवर सावरत म्हणाले, ‘खाली पडल्यावर मला सगळं पवित्र शास्त्र आठवलं. हीच तेवढी आठवली न्हाई बघा.’

दुपारी निरोप सांगायला मी येलहंकाला गेले. दार उघडलं ते मार्थाबाईंनी, मेस्त्रींच्या बायकोने. मी त्यांना आधी कधीच पाहिलं नव्हतं. हकिगत ऐकून त्या खुर्चीवर बसल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, ‘दमून आलीस पोरी. चहा टाकते.’

तो ‘च’. ती शीळ. तीच, सकाळी कानामागे ऐकलेली.

मी विचारलं, ‘सकाळी अकराच्या सुमाराला तुम्ही काय करत होतात?’

‘काय करणार? रोजचं वाचन. नळाला पाणी येईतो वाचते.’ टेबलावर जाड पुस्तक उघडंच होतं. क्रमाने वाचत त्या दिवशी ज्या अध्यायावर आल्या होत्या, तो हौदाचा. ‘मोठ्यानं वाचते मी. आणि त्या माणसांशी बोलते पण. हे हसतात मला. पण त्या नोकराला दर खेपेला सांगावं लागतं, बाबा, चिंध्या सुती घे. गोणपाट नको, टोचतं.’

मी ते पान वाचून पाहिलं. फाटके कपडे आहेत, दोर आहे. गोणपाटाचा उल्लेख कुठेच नाही.

तीन आठवड्यांनी त्यांच्या चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थनेला आमची अख्खी साइट गेली. रंगप्पा नवा शर्ट घालून, बायको नव्या साडीत — मेस्त्रींनीच घेतलेली. मेस्त्री गळ्यात हात बांधून पहिल्या बाकावर. मार्थाबाईंनी पुस्तक माझ्या हातात दिलं, ‘तू वाच.’ मी, देव्हाऱ्यात गणपती असलेल्या घरातली, उभी राहून तो अध्याय मराठीत वाचला. माणूस हौदातून वर आला त्या ओळीवर रंगप्पाने काही न कळता टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. मेस्त्री रडत होते, हसत होते, एका हाताने मांडीवर ताल धरत होते. इतका आनंद मी एका खोलीत पुन्हा पाहिलेला नाही.

मी धर्म बदलला का, असं लोक विचारतात. नाही. गणपती आहे तिथेच आहे. येलहंका आणि महादेवपुरामध्ये कितीतरी मैल, मध्ये फोन नाही, काही नाही. कुठल्या हिशोबात बसवू?

पुढे कितीदा तरी मी मार्थाबाईंना तेच विचारलं. त्या तांदूळ निवडत असायच्या, मान वर न करता म्हणायच्या, ‘मी वाचत होते, तू ऐकलंस. त्यात काय एवढं?’

इतकी वर्षं झाली. याहून बरं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.