हजेरीला थांबलेली ओवी

आधीच सांगतो, मी संशयी माणूस आहे. दुधात पाणी, पेढ्यात मैदा आणि पाहुण्याच्या गोड बोलण्यात हेतू शोधणं ही माझी जुनी खोड. भूतखेत, अंगात येणं असल्या प्रकारांना तर मी दारातही उभं केलं नाही. त्यामुळे हा प्रसंग वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही... दुसऱ्यानं सांगितला असता तर मीही हसलो असतो.

१९७३ चा उन्हाळा. जामखेडपासून दोनेक कोसांवर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. मी मॅट्रिक झालेला, वय बावीस, म्हणून माझ्या हातात हातोड्याऐवजी मस्टर आलं. रोज नावं पुकारून हजेरी घ्यायची आणि खोटी नावं हुडकायची – स्वभावाला साजेसंच काम!

खडी फोडायला बायकांच्या दोन टोळ्या होत्या. दोन्हींच्या मधे पुरुषभर उंचीचा दगडांचा ढीग. अलीकडच्या टोळीत माझी थोरली बहीण होती, कौसाअक्का. पौषात ती तापानं गेली, अवघ्या आठ दिवसांत. तिचं नाव मस्टरवर मीच तांबड्या शाईनं कापलं. तेरावं झालं आणि तिच्या जागी आई कामावर येऊ लागली. त्याआधी आईनं कधी खडी फोडली नव्हती.

आईचं बोलणं बंद झालं होतं. रडलीसुद्धा नाही. कामावर दुपारी सुकडी वाटायचे, गोडसर भाजलेलं पीठ. ती हातात घेऊन बसायची आणि शेवटी शेजारणीच्या पदरात टाकायची. चोळीच्या बाह्या दंडावर ढिल्या पडल्या होत्या. ही काही पावसाळा बघत नाही, अशी मला भीती वाटत होती आणि ती बोलून दाखवायला घरात कुणी उरलं नव्हतं.

चैत्रातल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला ढिगाच्या पलीकडून ओव्या ऐकू आल्या. जात्यावर म्हणतात तशाच, पण हातोड्याच्या ठेक्यावर. आवाज काही फार गोड नव्हता, जरासा बसकाच. पण ऐकताना आत कुठेतरी ऊन भाकरी पोचल्यासारखं वाटायचं... सुकडीनं पोट भागत होतं, ह्यानं दुसरंच काहीतरी भरत होतं. बायकांचे हात आपोआप एका लयीत पडायला लागले. आणि आईनं मान वर केली! तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

ढिगाला वळसा घालून पलीकडे गेलो. तिथे साळूमावशी होती. तिचा गळा आसपासच्या चार गावांत माहीत.

"मावशे, तूच म्हणतीस न्हवं?"

"म्या? आरं, तुमच्या बाजूनं येतंय की! आमाला वाटलं, तुजी आईच बोलाय लागली."

खरंच, तिथे उभं राहिलं की आवाज आमच्या बाजूनं येत होता. धावत परत आलो, तर आईचे ओठ मिटलेले आणि आवाज पलीकडून.

असं तीन दिवस चाललं. ओव्हरसियरच्या ट्रान्झिस्टरवर शंका घेतली, तर त्यातले सेल कधीच संपलेले. मग वाटलं, साळूमावशीच लबाडी करतेय. कारकुनाच्या आईला रिझवायचं आणि हलकं काम पदरात पाडून घ्यायचं. असा विचार माझ्या मनात आला, याची आज लाज वाटते.

चौथ्या दिवशी मी एक युक्ती काढली. ओव्या रंगात आल्या असताना मस्टर घेऊन ढिगावर चढलो. तिथून दोन्ही टोळ्या दिसायच्या. आणि अवेळी हजेरी सुरू केली. आपल्या नावाला 'हजर' म्हणायचं तर गाणारीला ओवी तोडावीच लागणार – सापडलीच म्हणून समजा!

एकेक नाव पुकारत गेलो. प्रत्येक बाई 'हजर' म्हणत गेली.

"हजर हाय रं बाबा, किती येळा घेतूस!" साळूमावशी करवादली. तेव्हाही ओवी चालूच. शेवटचं नाव झालं, तरी ओवी चालूच.

आईच्या नावापुढे मी रोज न पुकारताच खूण करायचो, कारण ती उत्तर देत नसे. त्या दिवशी मी तिलाही सोडलं नाही.

"गजराबाई!"

"हजर."

घसा खरवडून निघालेला शब्द. सगळे हातोडे थांबले. ओवी तेवढी चालू होती. आईनं माझ्याकडे बघितलं.

"कौसीचं नाव का न्हाई घेतलं, रंगा?"

"आये, ते कापलंय..."

"तू कापलंस. घे."

गेलेल्या माणसाचं नाव हजेरीत पुकारायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. खाली ओव्हरसियर उभा होता. पण आईच्या तोंडून शब्द निघत होते, आणि ते पुन्हा बंद झाले असते तर मी काय केलं असतं?

"कौसाबाई!"

त्याच क्षणी आवाज तुटला. ओवी अर्ध्यावर राहिली –

'माय माझी फोडी खडी, तिच्या तळहाती आले फोड...'

'हजर' कुणीच म्हणालं नाही. तेवढ्यात आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि तिनं, अगदी त्याच चालीत, पुढची ओळ म्हटली –

'खा गं बया घास एक, माझ्या वाटणीचा हाय गोड.'

साळूमावशीनं उठून तिच्या हातावर सुकडी ठेवली. आईनं ती खाल्ली. रडत रडत, बोटं चाटून खाल्ली.

तो आवाज पुन्हा कधी आला नाही. आई म्हणायची, ओवी कौसीचीच. पण अक्का गेली तेव्हा आईनं हातोडा हातात धरलेला नव्हता. तळहाताचे फोड त्यानंतरचे. मग अक्कानं ही ओवी रचली कधी? आणि आईनंच मनात रचली म्हणावी, तर पहिली ओळ सगळ्या बायकांनी उघड्या कानांनी ऐकली, ती कुणी म्हटली?

बऱ्याच वर्षांनी मी आईला शेवटचं विचारलं, "आये, खरं सांग, कोन म्हनत हुतं?"

"तू नाव घेतलंस, तवा ती थांबली," आई म्हणाली. "आनखी काय पुरावा पायजे तुला?"

हा पुरावा पुरेसा नाही, हे मला कळतं. पण याहून चांगला मला आजवर सापडलेला नाही... आणि त्या दिवसापासून आई दोन वेळा जेवायला लागली, तेवढ्या एका गोष्टीवर मी कधीच संशय घेतला नाही.