मामांचा ग्लास भरलेलाच राहिला

मंडळी, माझं जमत आलेलं लग्न आज दुपारी दोन घोटांवर मोडलं.

वय चौतीस, घरची पेरूची बाग, आणि लई दिवसांनी एक स्थळ जुळत आलं होतं. मुलीच्या मामांनी राहात्यातल्या एका परमिट रूममध्ये जेवायला बोलावलं. "निवांत बोलू," म्हणाले.

मटण थाळी यायच्या आधीच त्यांनी बिअर मागवली आणि दोन्ही ग्लास भरले.

"मी घेत न्हाई, मामा."

"घ्या हो, एवढ्यानं काय हुतंय!"

दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "मोठ्या माणसाचा मान राखायचा न्हाई का?" तिसऱ्या आग्रहाला नाही म्हणू नये, असं आईनं शिकवलंय. डोळे मिटून दोन घोट घेतले.

जेवण उरकलं तरी मामांचा ग्लास भरलेलाच होता. तेव्हा कुठं डाव ध्यानात आला आणि मी माझा ग्लास लांब सारला.

चार वाजता मध्यस्थाचा फोन. "मुलगा पितो म्हणत्यात. नको म्हणाले."

मी काय करायला पाहिजे होतं, तुम्हीच सांगा. आणि त्या मुलीच्या ओळखीचं कुणी हे वाचत असेल तर हात जोडतो, तिला एवढंच कळवा, मला बिअर लई कडू लागली.