चार निळे ठिपके

"आडनाव सांग."

माझ्या मुलीनं सरांना सांगितलं.

"मग तू निळी. तुला दुसरा कुठला रंग देणार?"

हॉलमध्ये हशा पिकला. कोपरखैरण्यातली आमची सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक रविवारी मुलांना विज्ञान शिकवायचे. आम्ही पालक मागे. मी कळंबोलीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात हिशेब बघते. आकडा दिसला की मोजते. पडद्यावर सोळा पिवळे ठिपके. चार निळे.

ठिपका म्हणजे माणूस, सर म्हणाले. रंग म्हणजे आईबापाकडून आलेला गुण. बटण दाबलं की नवी पिढी. ते दाबत गेले. निळे तीन झाले, पाच झाले, मग एक. मग पडदा सगळा पिवळा.

"पाहिलंत? ज्याच्यात दम, तोच टिकतो."

कुणीतरी ओरडलं, "आता कोट्यातून आणा परत!"

पुन्हा हशा. मुलगी फरशीकडे बघत होती.

असे हशे मी शाळेपासून ऐकले. ऐकून खाली बसले. या वेळी उठले.

"सर, पुन्हा चालवा."

"ताई, हा प्रयोग आहे, सिरीयल नाही."

"म्हणूनच. पुन्हा चालवा."

त्यांनी लॅपटॉप मिटला.

घरी मुलगी चिडली. "कशाला बोललीस? कॉम्प्युटर काय जात बघतो?"

सरांचं हसणं मी गिळलं असतं. पण निळ्यांत दम नाही, हे हिला पटलं होतं.

"तू चालवून बघ," मी म्हटलं.

तसाच एक प्रोग्राम तिला नेटवर मिळाला. त्यात कुठल्याच रंगाला जास्त दम दिलेला नव्हता. पुढच्या पिढीत कुणाचा रंग उतरणार, हे चिठ्ठ्या काढल्यासारखं ठरत होतं. चार निळे ठेवले, तर बहुतेकदा निळे गेले. दहा-दहा ठेवले. कधी हे गेले, कधी ते. मग तिनं पिवळे चार ठेवले.

पिवळे गेले.

तिचा हात थांबला. "आई, सर खोटं बोलले?"

"त्यांनी आत काय भरलं होतं, मला माहीत नाही. लॅपटॉप मिटला ना त्यांनी. पण निळे चारच कुणी ठेवले?"

येत्या रविवारी आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसणार. आडनाव विचारलं, तर मोठ्यानं सांगणार. बटण दाबायच्या आधी सुरुवातीचा आकडा विचारणार. त्यांनी लॅपटॉप मिटला, तर आम्ही आमचा उघडणार.