विषय शोधायला नागपूरला

ज्या वर्षी सुताची टंचाई सर्वांत कडक होती, त्या वर्षी आमच्या घरी खळ खाल्ली गेली. खळ म्हणजे ज्वारीच्या पिठाची पेज. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला ती लावतात, म्हणजे सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. पण सूतच नाही तर खळ लावायची कशाला? आईनं ते पीठ चुलीवर चढवलं, मीठ घातलं आणि आम्हा चार भावंडांना वाटीवाटीनं दिलं. मला ती आवडली, हे खरं सांगतो. मागाचं पीठ पोटात घातलं म्हणून बाबा मात्र दोन दिवस आईशी बोलले नाहीत.

अशा घरातून मी बी.ए. झालो आणि नंतर एम.ए.ही झालो. आमच्या उमरेडच्या आळीत तोवर मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. पण एम.ए. होऊन घरी आलो तेव्हा बाबांचे गुडघे गेले होते. आमचा माग खड्ड्याचा. पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबाव्या लागतात, आणि बाबांना तर खड्ड्यातून वर यायलाच दोन माणसं लागत. मला पुढं संशोधन करायचं होतं. त्याच्या अर्जावर विषय लिहायचा आणि मार्गदर्शक प्राध्यापकाची सही घ्यायची. मुदत शनिवारपर्यंत, ती हुकली की वर्षभर थांबा.

"सा दिवस देतो तुले," बाबा म्हणाले. "मास्तर भेटला त ठीक. नाही त सोमवारपासून मागावर बस. मले आता होत नाही गा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

रविवारी छोट्या लाईनच्या गाडीनं निघालो. डब्यात भिवापूरच्या मिरचीची पोती होती आणि सगळा डबा शिंकत होता. पोत्यांची मालकीण एक धिप्पाड बाई, ती तेवढी शिंकत नव्हती.

"कुठं चालला बावा?"

"नागपूरला. संशोधन करायचं आहे."

"का हारपलं तुयं?"

"हरवलं नाही काही. नवीन काही शोधायचं."

"म्हंजे का शोधाचं तेच मालूम नाही, अन् तिकीट काढून निघाला!" असं म्हणून ती इतकी हसली की शेवटी तिलाही शिंक आली. बाईचं बोलणं किती बरोबर होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मुक्काम महालाजवळ आत्याकडे. तिनं गोळाभात केला होता (भातात वाफवलेले डाळीचे गोळे, ते कुस्करून वर फोडणीचं तेल घ्यायचं). दोनदा वाढून घेतला. नागपूर तेव्हा प्रांताची राजधानी. रस्त्यावर मोटारी, सरकारी पट्टेवाले, आणि सीताबर्डीला तर सायकल रिक्षांची नुसती रीघ. पण मी शहर पाहायला आलो नव्हतो. सोमवारी धुतलेलं धोतर नेसून विद्यापीठात इतिहासाच्या ओगले सरांपुढे जाऊन उभा राहिलो.

सर बारीक चणीचे, आवाज मात्र खणखणीत. मी माझा विषय पुढे ठेवला : युरोपातील राजघराण्यांचे तह.

"फ्रेंच येतं?"

"नाही सर."

"जर्मन?"

"नाही."

"मग तीन इंग्रजी पुस्तकं वाचून चौथं इंग्रजी पुस्तक लिहिणार. हा विषय का घेतलात?"

"मोठा वाटला सर," मी म्हणालो.

"वडील काय करतात?"

"कापडाचा धंदा आहे." हे मी असं म्हणालो की सरांना वाटावं, इतवारीच्या बाजारात दुकान असेल. कॉलेजात सहा वर्षं मी हेच उत्तर देत आलो होतो.

सरांनी अर्ज सही न करता परत दिला. पण एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या : या विद्यार्थ्यास आपले काम पाहू द्यावे. "विषय भिंतीवर टांगलेला नसतो. हिंडा. लोक काय करतात ते बघा. शुक्रवारी या."

त्या चिठ्ठीनं मला जो मुलूख दाखवला, त्याचं वर्णन गावकऱ्यांना सांगायचं तर कुठून सुरू करू? आपल्याला वाटतं, कॉलेज म्हणजे एक मास्तर, एक फळा, आणि समोर बाकं. मी गेलो तिथं फळेच नव्हते. रसायनाच्या इमारतीत शिरलो तर संत्र्याचा इतका वास, जणू बागेतच आलो. एक तरुण गृहस्थ संत्र्याच्या सालीतून तेल काढत होते. आपण साल फेकतो आणि हे गर फेकून साल ठेवतात! थेंब थेंब तेल नळीत जमत होतं. "मृग बहाराच्या आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या सालीत फरक का पडतो, ते पाहतोय," ते म्हणाले. किती दिवसांपासून? "तिसरं वर्ष."

प्राणिशास्त्रात एकानं कपाशीच्या बोंडअळ्या काचेच्या बरण्यांत पाळल्या होत्या. त्यांना वेळेवर खायला घालायचं, आणि किती खाल्लं ते तोलायचं. मी म्हटलं, "आमच्याकडं ह्या दिसल्या की चिरडतात." तो माणूस दुखावला. "आधी ओळखा तरी तिला," म्हणाला, आणि एकीचं तोंड भिंगातून दाखवलं. रागीट गावपाटलासारखं दिसलं.

भूगर्भशास्त्रात तर मी हबकलोच. एका काळ्या दगडावर पान उमटलेलं होतं, शिरांसकट. चिठ्ठी वाचून तिथले गृहस्थ म्हणाले, "उमरेडचे का? हा दगड तुमच्याच बाजूचा." माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचं ते पान. मी त्या माळावर लहानपणी पतंग उडवले होते आणि पायाखाली हे होतं, याचा पत्ता नाही. मी त्या पानावरून बोट फिरवलं, त्यांनी फिरवू दिलं.

भाषेच्या खोलीत एक जण बाजारातल्या भाजीवाल्यांचं बोलणं वहीत उतरवत होता. त्यानं मलाच पकडलं. "तुमच्याकडे 'का'ला 'काहून' म्हणतात ना? मग नुसतं 'का' कधी म्हणतात?" अर्धा तास त्यानं मला बोलतं ठेवलं. माझी भाषा कोणी कागदावर उतरवून घ्यावी इतकी किमती आहे, हे मला माहीत नव्हतं. मी तर ती कॉलेजात लपवत आलो होतो. तत्त्वज्ञानात दोन प्राध्यापक पाण्याच्या माठापुढे बसून, माठ फुटला तरी माठपण उरतं का, यावर भांडत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मात्र कोणी दिलं नाही.

दोन दिवस मी असा हिंडलो. एकेकाचं पाहून छाती भरून यायची आणि पायऱ्या उतरताना रिकामी व्हायची. प्रत्येकाजवळ एक प्रश्न होता. माझ्याजवळ चिठ्ठी होती. बुधवारी परत जाताना फाटकापाशी रोज दिसणाऱ्या रिक्षावाल्यानं विचारलं, "झालं का काम, मालक?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मंग एवढं फिरून काहून राहिले?"

गुरुवारी घडलं ते लिहायला आजही संकोच होतो.

जुन्या पोथ्या आणि दप्तरं ठेवलेली एक लांब खोली होती. तिथले शास्त्रीबुवा कागदांचा काळ ठरवत. सगळे कागद रुमालांत, म्हणजे जाड्याभरड्या कापडाच्या चौकोनात बांधलेले. ते कागद वाचत आणि रुमाल बाजूला टाकत. मी कागदांकडे बघायच्या ऐवजी त्या ढिगाकडे बघत बसलो. आता आमच्यात रीत अशी आहे की सूत हाती आलं की एक धागा ओढायचा, ओठांत धरून ओला करायचा आणि बोटांवर उलटा फिरवून पीळ उकलायचा, म्हणजे सुताची जात कळते. बाजारात सूत घेताना सगळे असंच करतात, त्यासाठी विचार करावा लागत नाही. ढिगातल्या एका-दोन रुमालांचा धागा माझ्या तोंडात कधी गेला ते मलाही कळलं नाही.

"अहो! काय खाताय ते?" शास्त्रीबुवा ओरडले. "दोनशे वर्षांचं दप्तर आहे! थुंका, थुंका आधी!"

मी थुंकलो. त्यांनी माझ्या हाताला धरून मला थेट ओगले सरांकडे नेलं, वाटेत तीन खोल्यांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. मला वाटलं, संपलं. शनिवारपर्यंत थांबायचीही गरज नाही, आजच्याच गाडीनं परत.

सरांनी सगळं ऐकलं. मग मला विचारलं, "तोंडात का घातला?"

"सवय सर. आम्ही विणकर आहोत." सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणालो. कान तापले.

"मग काय कळलं?"

"हा रुमाल दोनशे वर्षांचा नाही सर. सूत गिरणीचं आहे. पीळ सगळीकडे सारखा लागतो. कागद जुने असतील, पण बांधलेत नंतर. त्याच्याखालचा रुमाल हातकताईचा होता, तो जुना असू शकतो."

शास्त्रीबुवा म्हणाले, "हा चाटून इतिहास सांगणार का आता?"

"चाटून सांगितलेलं आपल्या शास्त्रात चालत नाही," सर म्हणाले. पण ते माझ्याकडेच बघत होते. "सिद्ध करता येईल?"

मी होय म्हणालो. नाही म्हणून जाणार कुठे?

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं महाराजबागेकडे, शेतकी कॉलेजात गेलो. तिथं सुमतीबाई म्हणून एक संशोधक कापसाच्या तंतूंवर काम करत. सरांनी आदल्या दिवशीच निरोप धाडल्यामुळे काळ्या पुठ्ठ्यावर त्यांनी दहा धागे लावून ठेवले होते. काही गिरणीचे, काही चरख्याचे, काही त्या रुमालांचे. शास्त्रीबुवांनीही घरून एक धाडला होता. प्रत्येकातले पीळ बाईंनी भिंगाखाली मोजले होते आणि तो कागद पाकिटात बंद होता. मी एकेक धागा ओठांत धरला. गिरणी. हात. हात. गिरणी. शास्त्रीबुवा दरवेळी तोंड वाकडं करत होते. बाहेर बागेतला मोर ओरडत होता आणि माझं तोंड इतकं कोरडं पडलं की सातव्या धाग्याला पाणी मागावं लागलं.

"सूत ओलं व्हायला पाणी, की तुम्हाला?" सुमतीबाईंनी विचारलं.

"दोघांना," मी म्हटलं. तेव्हा त्या हसल्या.

पाकीट उघडलं. नऊ बरोबर. नववा धागा मी गिरणीचा म्हणालो होतो, तो हातचा निघाला.

शास्त्रीबुवांनी मान वर केली. "नववा? तो आमच्या घरचा. सौभाग्यवती टकळीवर कातते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गिरणीचा वाटला तुम्हाला? खरंच?"

"हो शास्त्रीबुवा. इतका सारखा हात मी पाहिला नाही."

माणूस एकदम पालटला. घरी जाऊन हे सांगायची त्यांना एवढी घाई झाली की छत्री तिथंच विसरले.

सर मात्र त्या नवव्या धाग्यापाशी अडले होते. "जिथं तुम्ही चुकलात तिथं मला गंमत वाटते. अशा हाताच्या बायका किती असतील? गिरणीचं सूत आलं तेव्हा त्यांचं काय झालं? विणकरांनी ते घेतलं का, आणि कधी? लिहिलंय कोणी हे?"

"कोणीच नाही सर. पण आमच्या आळीत म्हातारी माणसं सांगतात."

"मग ऐका त्यांना. पण रंग नि खळ तपासायला रसायनात जावं लागेल. तंतूंसाठी या बाईंकडे. तुमच्या धंद्यातले शब्द टिपायला त्या भाषावाल्याकडे. एकट्या इतिहासाचं काम नाही हे. होईल?"

मी दोन दिवस ज्या दारांतून रिकामा बाहेर आलो होतो, त्याच दारांवर मला आता काम घेऊन जायचं होतं. मी म्हणालो, होईल.

शनिवारी अकराच्या सुमारास सरांनी सही केली. विषयाच्या रकान्यात लिहिलं : नागपूर प्रांतातील हातमाग आणि गिरणीचे सूत. कारकुनानं शिक्का मारला आणि चहाला निघून गेला. मी बराच वेळ त्या खिडकीपाशी उभा होतो, उगाच.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत होते. मी सगळं सांगितलं, धागा तोंडात घातल्याचंही.

"म्हंजे चाटाची बी डिग्री भेटते?" बाबा म्हणाले. आईला हाक मारली, "आयकलं का वं? पोट्टं सूत चाटून पास झालं!"

मग तेलाची वाटी बाजूला ठेवली. म्हणाले, "पह्यले गिरणीचं सूत आलं तवा माया आजीनं चरखा मोडून चुलीत घातला. मी लहान होतो. राख अजून दिसते मले. लिहून घेशीन का?"

मी वही काढली. बाबा दिवेलागणीपर्यंत बोलत होते. माग मात्र सुटला नाही. पुढची वर्षं मी सकाळी मागावर बसलो आणि दुपारच्या गाडीनं नागपूरला गेलो, आठवड्यातून तीन दिवस.

लोक विचारतात, प्रवास कुठला मोठा केला? मी मुंबई पाहिली, कलकत्ता पाहिलं. पण त्या सहा दिवसांत, एकाच आवारात, मी जितका दूर गेलो तितका नंतर कधी गेलो नाही. सालीपासून माठपणापर्यंत, अळीपासून दगडातल्या पानापर्यंत माणसं कशाकशाला प्रश्न विचारत बसली होती, आणि त्यांच्यात एक जागा आमच्या सुतालाही होती.

राजधानी भोपाळला गेली त्याच्या पुढच्या वर्षी माझा प्रबंध मान्य झाला. आमच्या आळीतला पहिला पीएच.डी. मी आहे.