दुसरी किक

पत्रकं छापून झाली की हाताची शाई मी रॉकेलनं पुसते, आणि त्या वासासरशी मला मैत्रिणीचे बाबा आठवतात. अकोल्याला त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते बंद करून ते नातवंडांत रमले आहेत. आम्ही दोघी अमरावतीला शिकत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत उतरलो. समतेवरचं माझं भाषण माझ्या बाबांनी लिहून दिलं होतं, पण त्या दिवशी ते धारणीला सभेत होते. तिचे बाबा मात्र भर दुपारी दुकानाचं शटर ओढून अकोल्याहून आले, पहिल्या रांगेत बसले आणि इंजिनाचा आवाज ऐकावा तशी मान तिरकी करून तिला ऐकू लागले. त्यांच्या हातांचा रॉकेलचा वास मागच्या रांगेत माझ्यापर्यंत येत होता. दुसऱ्याच वाक्याला ती अडकली. तेवढ्यात ते खालूनच ओरडले, "काहून घाबरून राह्यली वं? पयल्या किकमधी कोणती गाडी चालू होते? मार दुसरी!" सगळे हसले, तीही हसली, आणि तिनं भाषण शेवटपर्यंत नेलं. पहिल्या बक्षिसाची ढाल मलाच मिळाली. "तू तं सुसाटच निघाली, पोरी," असं मला म्हणून ते तिच्या खांद्यावर हात टाकून तिला चहाला घेऊन गेले. सभा आटोपून घरी आल्यावर माझ्या बाबांनी विचारलं, "शेवटचा मुद्दा बरोबर मांडला ना तू?" समतेवर मी आजही तावातावानं लिहिते, पण ढाल माझ्याकडे आणि ती हाक तिच्याकडे, ही वाटणी मला अजून मान्य नाही.