कुंपणापलीकडचं भेकर

मुलांनो, शेजारच्या रहीमभाईंची, पर्यटकांना पाठीवरून फिरवणारी चांदणी घोडी गोचीडतापाने आडवी पडली आहे. ती जगेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. गोचिडी रानातल्या एखाद्या प्राण्यावरून आल्या असतील, एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमच्या कुंपणाशी चरायला येणारं भेकर मला गोजिरं वाटेनासं झालं आहे. त्याच्या कानामागे काय चिकटलंय, ते मी चष्मा पुसून निरखत बसते.

आज मी म्हटलं, "रहीमभाई, हाकला त्याला."

ते चांदणीची मान चोळत म्हणाले, "पाहुणे नसले की आमचे घोडे त्याच्याच रानात सोडलेले असतात, आजी. त्यालाही हिचा संशय येत असेल."

तरी मी टाळ्या वाजवून भेकराला पळवलंच. पण आता त्याच्याच काळजीने.