कडी तुटलेलं वजन

कारखान्यात त्यांना सगळे धर्मकाटा म्हणत. इंजिनाची ताकद मोजणं हे त्यांचं काम. चालत्या इंजिनाला ब्रेक लावायचा. ते जितक्या जोराने ओढेल तितका मोजणीचा काटा पुढे सरकायचा. पण रोज सकाळी देवाचं नाव घेऊन आधी काट्याचीच परीक्षा. वीस किलोचं लोखंडी वजन ब्रेकच्या दांडीला टांगायचं, काटा विसावर आला तरच दिवस सुरू. मग साहेबाने डोळे वटारले तरी नापास ते नापास.

ते निवृत्त झाले त्याच वर्षी नवं यंत्र आलं. जुनं वजन सोबत्यांनी हौसेने त्यांच्या घरी पोचवलं. बायकोला त्याची दोनदा ठेच लागली, तेव्हा तिने भंगारवाल्याला हाक मारली. तो तोलून म्हणाला, साडेएकोणीस किलो. धर्मकाटा हसले. तुझ्या काट्यालाही तुझ्यासारखीच भूक लागलीय म्हणाले, आणि कडेवर मूल घ्यावं तसं वजन घेऊन वाण्याकडे गेले. तिथे साडेएकोणीस. पिठाच्या गिरणीतही तेच.

गिरणीच्या पायरीवरच त्यांना आठवलं. अठरा वर्षांपूर्वी वजनाची जाडजूड कडी तुटून पडली होती. तारेने बांधून त्यांनी तेच वजन टांगलं. काटा जरा मागे राहिला, तर काटाच बिघडला असं समजून त्यांनीच स्क्रू पिळून तो विसावर आणला. त्या दिवसापासून प्रत्येक इंजिन होतं त्याहून ताकदवान दिसत आलं.

कडी तुटली त्याच्या पुढच्याच वर्षी धाकट्या भावाने होडीसाठी इंजिन घेतलं. त्यांनीच तपासलेलं. दहा अश्वशक्तीला बरोबर दहा, काठावर पास. महिन्याभरात भाऊ सांगत आला, की भरली होडी धारेविरुद्ध चढत नाही. त्यांनी तपासणीचा कागद पुढे केला.

"काटा खोटं बोलत नाही. तुझा हातच कच्चा आहे."

मग नदीला पाणी चढलं, होडी धारेत फिरली आणि पुलाच्या खांबावर आपटली. भाऊ तिसऱ्या दिवशी सापडला.

गिरणीतून घरी आल्यावर बायको समजूत घालत राहिली, की पाव अश्वशक्तीने कुणी बुडत नाही, धाकट्याची घटका भरली होती. तिचा देवावर विश्वास होता. त्यांचा काट्यावर होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भावजयीच्या घरी जाऊन मान खाली घालून सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबला नाही.

"पोराला मी पाण्याजवळ जाऊ दिलं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "बापाचाच हात घेऊन आलाय म्हणून. होडीसाठी रडरड रडायचा."

तो आता कुणाच्या तरी गोदामात पोती वाहतो, कमरेला पट्टा बांधून. त्याला मीच सांगतो, असं ते कसंबसं म्हणाले.

"नको. इतकी वर्षं बापाला नावं ठेवून जगलाय. आता कुणाला ठेवील?"

ते उठले. चपला घालून दारात जरा थांबले. "येतो," म्हणाले.

ती "या" म्हणाली नाही.